१९०८चा बेसबॉल हंगाम वहीत कसा उतरवायचा: मुंबईच्या स्कोअररसाठी

आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कात तंबूत बसून ज्यांनी स्कोअरबुक भरलंय, त्यांच्या अंगात एक सवय मुरलेली असते. डाव संपला की आधी टॅली. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर ही एक बेरीज. गोलंदाजांनी दिलेल्या धावा, वाइड-नोबॉल धरून, अधिक बाय आणि लेगबाय ही दुसरी. दोन्ही सारख्या आल्या नाहीत तर जागेवरून उठायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अमेरिकेतला व्यावसायिक बेसबॉल हंगाम उलगडायला हीच सवय लागते. नुसता गुणतक्ता वाचून तो हंगाम समजत नाही. सामन्यामागून सामना वहीत घ्यावा लागतो, आणि हिशेब अडला की तिथे थांबून कारण शोधावं लागतं.

कोणता हंगाम घ्यायचा? पुष्कळांना १९०६चा शिकागो कब्ज संघ खुणावतो: ११६ विजय, ३६ पराभव, दुसऱ्या क्रमांकाच्या न्यूयॉर्क जायंट्सच्या २० सामने पुढे. आकडे भव्य आहेत, पण वही भरायला हा हंगाम कंटाळवाणा आहे, कारण ऑगस्टनंतर काही ठरायचं उरतच नाही. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने १९०८ची नॅशनल लीग घ्यावी. तीन संघ शेवटच्या आठवड्यापर्यंत एकमेकांना चिकटून होते, आणि एका बरोबरीत सुटलेल्या सामन्याने विजेता ठरवला. नोंद कशी करायची आणि का करायची, हे त्या एका सामन्यात जितकं शिकायला मिळतं तितकं एरवी दहा हंगामांत मिळत नाही.

वही आणि रकाने

क्रिकेटचं छापील स्कोअरबुक इथे कामाचं नाही, त्यात षटकांचे रकाने असतात. फुलस्केप आकाराचं, आडव्या रेघांचं, पुठ्ठा बांधणीचं दोनशे पानी रजिस्टर घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे ते मिळतं. सोबत आलेखाची एक वही, पेन्सिल, आणि काळी व लाल अशी दोन पेनं. पहिली नोंद नेहमी पेन्सिलीने. टॅली झाली की काळ्या शाईने पक्की. जे जुळलं नाही ते लाल शाईने, कारणासकट.

रजिस्टरचे दोन भाग करा. ज्या संघाची वही भरताय तो ‘आपला’ संघ. पुढचा भाग तारखेप्रमाणे, मागचा प्रतिस्पर्ध्याप्रमाणे. पुढच्या भागात समोरासमोरची दोन पानं मिळून एक तक्ता: तारीख, वार, घरचा की बाहेरचा सामना, प्रतिस्पर्धी, दोन्हींच्या धावा, किती इनिंग झाल्या, आपला पिचर (चेंडू टाकणारा), त्यांचा पिचर, विजय, पराभव, बरोबरी, त्या दिवसअखेरची टक्केवारी आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. पाऊस, अंधार, एका दिवसात दोन सामने, पंचाचा वादग्रस्त निर्णय, सगळं तिथेच जाणार.

मागच्या भागात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एक पान आणि प्रत्येक पानावर बावीस ओळी. आकडा बावीसच का, ते पुढे येतं.

आधी लीगचं गणित

त्या काळी दोन मोठ्या लीग होत्या, नॅशनल आणि अमेरिकन. प्रत्येकीत आठ संघ. १९०४पासून दोन्हींत प्रत्येक संघाचे १५४ सामने ठरलेले असत. सात प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी २२ सामने, त्यांतले ११ घरी आणि ११ बाहेर: ७ गुणिले २२ म्हणजे १५४. पूर्ण लीगचे सामने ८ गुणिले १५४ भागिले २, म्हणजे ६१६. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण ६१६ विजय आणि ६१६ पराभव ही तुमची शेवटची टॅली आहे.

१९०८च्या नॅशनल लीगचा अंतिम तक्ता असा: शिकागो ९९-५५, न्यूयॉर्क ९८-५६, पिट्सबर्ग ९८-५६, फिलाडेल्फिया ८३-७१, सिनसिनाटी ७३-८१, बॉस्टन ६३-९१, ब्रुकलिन ५३-१०१, सेंट लुईस ४९-१०५. विजयांची बेरीज करा, ६१६ येते. पराभवांची करा, तीही ६१६. म्हणजे त्या वर्षी नॅशनल लीगमधला ठरलेला प्रत्येक सामना अखेर निकालापर्यंत गेला. पावसाने वाहून गेलेले आणि बरोबरीत सुटलेले सामने पुन्हा खेळून भरून काढले गेले. कांगा लीगमध्ये पावसात बुडालेले सामने पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ही केवढी गोष्ट आहे ते वेगळं सांगायला नको.

क्रमवारी गुणांवर नसते, टक्केवारीवर असते. विजय भागिले विजय अधिक पराभव. बरोबरी दोन्हींकडे धरायची नाही. उत्तर तीन अंकांपर्यंत लिहायचं, आणि अमेरिकन छपाईत पुढचं शून्य गाळतात. शिकागोचे ९९ भागिले १५४ म्हणजे .६४३. न्यूयॉर्क आणि पिट्सबर्गचे ९८ भागिले १५४ म्हणजे .६३६.

‘किती सामने मागे’ हा दुसरा आकडा. दोन संघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून दोनाने भागायचं. न्यूयॉर्क शिकागोच्या मागे: विजयांत १, पराभवांत १, बेरीज २, भागिले २, म्हणजे एक सामना. हंगामाच्या मध्यावर संघांचे झालेले सामने सारखे नसतात, त्यामुळे अर्ध्या सामन्याचे आकडे येतात. ते चुकीचे समजून खोडू नका.

वर्तमानपत्रांतून सामने उचलताना

मूळ साहित्य म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा छापील आकड्यांचा तक्ता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या नावाने मोफत उघडी ठेवली आहेत. न्यूयॉर्कचे ‘द सन’, ‘न्यू-यॉर्क ट्रिब्यून’ आणि ‘इव्हनिंग वर्ल्ड’ हे तिथे पानापानाने पाहता येतात. दिवसागणिक निकालांसाठी ‘रेट्रोशीट’ या संस्थेचं काम उत्तम आहे. पण आधी वर्तमानपत्रावरून स्वतःची नोंद करा आणि मग रेट्रोशीटशी ताडून बघा. उलट क्रमाने गेलात तर डोळ्यांना तयार उत्तर दिसतं आणि हात त्याचीच नक्कल करतो. स्वतः काही तपासलं असं होत नाही.

इथे नवख्याच्या हातून ठरलेल्या काही चुका होतात.

पहिली तारखेची. सकाळचं वर्तमानपत्र आदल्या दिवशीचा सामना छापतं. अंकाची तारीख वहीत उतरवली की पूर्ण हंगाम एक दिवस पुढे सरकतो, आणि एका दिवसात दोन सामने झाले त्या दिवशी गोंधळ उडतो. संध्याकाळच्या अंकांचा धोका वेगळा: सामना दुपारी उशिरा सुरू व्हायचा आणि अंक त्याआधी किंवा मध्येच छापखान्यात जायचा, त्यामुळे त्यात पाच-सहा इनिंगांचाच स्कोअर असू शकतो. नऊ रकाने भरलेले आहेत ना, ते मोजा.

दुसरी नावांची. शिकागो, न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि सेंट लुईस या पाच शहरांत दोन्ही लीगचा एकेक संघ होता. नुसतं ‘शिकागो जिंकलं’ यावरून काही कळत नाही, कोणत्या लीगच्या मथळ्याखाली छापलंय ते बघा. टोपणनावंही आजची नाहीत. क्लीव्हलँडला तेव्हा त्यांच्याच खेळाडू नॅप लाजोईच्या नावावरून ‘नॅप्स’ म्हणत, बॉस्टनचा नॅशनल लीगवाला संघ ‘डव्ह्ज’, ब्रुकलिनचा ‘सुपरबाज’, न्यूयॉर्कचा अमेरिकन लीगवाला ‘हायलँडर्स’. शिवाय १८९१ ते १९११ या काळात पिट्सबर्गचं सरकारी स्पेलिंग शेवटच्या ‘एच’शिवाय होतं. शोधपट्टीत आजचं स्पेलिंग टाकलंत तर अर्धे अंक हाती लागत नाहीत.

तिसरी चूक रविवारची. न्यूयॉर्क, ब्रुकलिन, बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग इथे कायद्याने रविवारी व्यावसायिक सामने होत नसत. शिकागो, सिनसिनाटी, सेंट लुईस इथे होत. तुमच्या वहीत पोलो ग्राउंड्सवर (न्यूयॉर्क जायंट्सचं मैदान) रविवारी सामना दिसला तर तारीख नक्की चुकली आहे. हा पडताळा फुकटचा आहे आणि बिनचूक आहे. १९०८चं कॅलेंडर काढून प्रत्येक रविवारी लाल ठिपका द्या आणि मगच सुरुवात करा.

एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळा प्रवास रेल्वेने. नॅशनल लीगचे चार संघ पूर्वेचे (न्यूयॉर्क, ब्रुकलिन, फिलाडेल्फिया, बॉस्टन) आणि चार पश्चिमेचे (पिट्सबर्ग, सिनसिनाटी, शिकागो, सेंट लुईस). न्यूयॉर्क ते शिकागो रेल्वेने साधारण दीड हजार किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा थोडं जास्तच. म्हणून सामने लांब दौऱ्यांच्या गठ्ठ्यांत येतात: तीन-चार आठवडे घरी, तीन-चार आठवडे बाहेर. दौरा सुरू झाला की पानाच्या समासात उभी रेघ ओढा. संघ कधी दमला हे ती रेघ सांगते.

बॉक्स स्कोअर वाचणं

क्रिकेट जाणणाऱ्याला मोजक्या गोष्टी नव्याने समजून घ्याव्या लागतात. बॅटर प्लेटपाशी उभा राहतो. तिथून पहिला, दुसरा, तिसरा असे तीन बेस (मैदानातले टप्पे) शिवून परत प्लेटवर, म्हणजे घरी, पोचला की एक धाव. प्रत्येक संघाला नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये तीन आऊट, म्हणजे पूर्ण सामन्यात २७ आऊट. बॉक्स स्कोअरमध्ये प्रत्येक खेळाडूपुढे सहसा सहा रकाने असतात: एबी, आर, एच, पीओ, ए, ई. एबी म्हणजे हिशेबात धरलेल्या बॅटिंगच्या पाळ्या, आर म्हणजे धावा, एच म्हणजे हिट, बॅटर स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर पोचला तो. पीओ म्हणजे शेवटी ज्याच्या हातून आऊट झाला तो: कॅच घेणारा, किंवा बेसवर चेंडू धरणारा. ए म्हणजे त्या आऊटला हातभार लावणारा, आपल्याकडच्या रनआऊटमध्ये थ्रो करणाऱ्यासारखा. ई म्हणजे क्षेत्ररक्षणातली चूक. पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या नावावर दहा-बारा पीओ दिसले तर दचकू नका, जमिनीवरून मारलेले बहुतेक चेंडू शेवटी त्याच्याकडेच येतात. पिचरने तीन स्ट्राइकवर बॅटरला उडवलं की पीओ कॅचरला, म्हणजे प्लेटमागे आपल्या यष्टिरक्षकासारखा बसणाऱ्याला, जातो.

क्षेत्ररक्षकांचे क्रमांक पाठच करा: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावं, मधलं आणि उजवं मैदान ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो, म्हणून सगळे त्याला ५ देऊन बसतात. कब्जची टिंकर-एव्हर्स-चान्स ही गाजलेली साखळी तुमच्या वहीत ६-४-३ अशी लिहिली जाईल.

आता टॅली. जो बॅटर प्लेटवर आला, त्याचं शेवटी तीनपैकी एकच काहीतरी होतं: त्याने धाव काढली, तो आऊट झाला, किंवा इनिंग संपली तेव्हा बेसवर अडकून राहिला. (‘चार बॉलवर’ म्हणजे पिचरने चार चेंडू बाहेर टाकल्यामुळे फुकट मिळालेला पहिला बेस, आणि ‘सॅक्रिफाइस’ म्हणजे स्वतः आऊट होऊन धावणाऱ्या साथीदाराला पुढे नेणं.) म्हणून:

एबी + चार बॉलवर मिळालेले बेस + चेंडू लागून मिळालेले बेस + सॅक्रिफाइस = धावा + बेसवर राहिलेले + समोरच्या संघाचे पीओ

समजा एका संघाचे एबी ३१, चार बॉलवर २, चेंडू लागून १, सॅक्रिफाइस २. बेरीज ३६. धावा ३, बेसवर राहिलेले ६, समोरच्यांचे पीओ २७. हीही ३६. झाली टॅली. क्वचित कॅचरने बॅटरला अडथळा केल्यामुळे बेस मिळतो, तोही डावीकडे मिळवायचा. काही वर्तमानपत्रं बेसवर राहिलेल्यांचा आकडा छापत नाहीत. तेव्हा तो याच समीकरणातून काढावा लागतो, आणि त्या सामन्याची टॅली झाली असं म्हणता येत नाही. अशा ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवा आणि दुसरं वर्तमानपत्र शोधा.

डोळ्यांपुढे ठेवायला सगळ्यांत स्वच्छ उदाहरण म्हणजे २ ऑक्टोबर १९०८चा क्लीव्हलँडचा सामना. ॲडी जॉसने शिकागो व्हाइट सॉक्सच्या एकाही बॅटरला बेसवर जाऊ दिलं नाही. २७ बॅटर, २७ आऊट, धावा शून्य, बेसवर शून्य. क्लीव्हलँड १-० जिंकलं. पण शिकागोचे पीओ २४च, कारण घरचा संघ पुढे असल्यामुळे नवव्या इनिंगमध्ये त्याला बॅटिंग करावीच लागली नाही. २७च्या जागी २४ दिसले तर आधी हे तपासा.

२६ किंवा २५ दिसले तर दोन शक्यता असतात. घरच्या संघाने शेवटच्या इनिंगमध्ये जिंकणारी धाव काढली असेल, तर खाली बारीक अक्षरांत ‘जिंकणारी धाव आली तेव्हा इतके आऊट’ असं छापलेलं असतं. दुसरी शक्यता अशी की एखादा धावणारा मारलेला चेंडू अंगाला लागून आऊट झाला. अशा आऊटचा पीओ तेव्हाची वर्तमानपत्रं बऱ्याचदा कुणालाच देत नसत, फक्त फुली मारून खाली तळटीप देत. स्कॅनमध्ये ती तळटीप पुसट असते. पान मोठं करून वाचा.

यजमान संघ नेहमी दुसऱ्यांदाच बॅटिंग करतो असंही गृहीत धरू नका. १९५०पर्यंत आधी की नंतर हे निवडायचा हक्क यजमानांकडे होता. बहुतेक जण नंतर घेत, पण सगळे नाही.

शेवटच्या इनिंगचा आणखी एक जुना नियम पुष्कळांना चकवतो. १९२०पूर्वी, जिंकणारी धाव आली की सामना तिथेच संपायचा. बॅटरने चेंडू कुंपणाबाहेर मारला तरी जिंकायला लागतील तेवढेच बेस त्याच्या नावावर पडायचे. म्हणून १९०८च्या वहीत नवव्या इनिंगच्या खालच्या अर्ध्यात मिळवलेला प्रत्येक विजय एकाच धावेचा असतो. तिथे ५-२ असा निकाल दिसला तर तुमची नोंद चुकली.

कोणते रकाने उघडायचेच नाहीत

आजच्या तक्त्यांची सवय असेल तर अर्न्ड रन ॲव्हरेज (पिचरच्या खात्यावरच्या धावांची सरासरी) आणि रन्स बॅटेड इन (बॅटरच्या फटक्यामुळे निघालेल्या धावा) यांचे रकाने आखावेसे वाटतात. आखू नका. पहिला आकडा नॅशनल लीगने १९१२पासून आणि अमेरिकन लीगने १९१३पासून अधिकृत धरला, दुसरा १९२०पासून. आज १९०८साठी छापले जाणारे हे आकडे नंतरच्या अभ्यासकांनी कष्टाने मागे जाऊन काढलेले आहेत. त्यांचा उपयोग जरूर करा, पण स्वतंत्र पानावर. बॉक्स स्कोअरमधून आलेल्या आकड्यांच्या रांगेत त्यांना बसवू नका.

सॅक्रिफाइसच्या रकान्यातही १९०८ साल वेगळं आहे. त्या वर्षीपासून, उंच मारलेल्या चेंडूवर झेल गेला पण धावणाऱ्याने धाव काढली, तर बॅटरची पाळी एबीमध्ये धरायची नाही असं ठरलं. ते सॅक्रिफाइस आणि बंटचं (चेंडू हळूच जवळ ठेवून केलेलं) सॅक्रिफाइस एकाच रकान्यात मिसळून छापलं जायचं. १९०७ आणि १९०८ची या रकान्यात तुलना करण्यात अर्थ नाही.

पिचरच्या नावावर विजय-पराभव कुणाचा, याचाही तेव्हा पक्का नियम नव्हता. दोन पिचर वापरले गेले असतील तर दोन पुस्तकांत दोन नावं सापडू शकतात. तुम्ही बाण काढून दोन्ही नावं लिहा, पहिला कुठल्या इनिंगपर्यंत होता त्यासकट.

आकडे वाचताना त्या काळचं मान लक्षात ठेवा. १९०८मध्ये दोन्ही लीगची सरासरी बॅटिंग (हिट भागिले एबी) .२३९ होती. त्यात पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरने .३५४ केली, तेव्हा तिचं मोल कळतं. व्हाइट सॉक्सच्या पूर्ण संघाने अख्ख्या हंगामात तीन होमरन मारल्या आणि तरी ८८ सामने जिंकले. एकच चेंडू मळेपर्यंत वापरायचा, थुंकी लावून टाकलेला चेंडू कायदेशीर होता, आणि पिचरला विश्रांती नावापुरती. जायंट्सच्या ख्रिस्टी मॅथ्यूसनने ५६ सामन्यांत ३९० इनिंग आणि दोन आऊट एवढं पिचिंग केलं आणि ३७ विजय मिळवले. व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने ४६४ इनिंग टाकल्या आणि ४० विजय घेतले. म्हणून पिचरच्या नावाशेजारी कंसात मागच्या सामन्यानंतर किती दिवस झाले तो आकडा लिहा. हा रकाना छापील तक्त्यांत सहसा नसतो, आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यांत जास्त हाच उपयोगी पडतो.

२३ सप्टेंबरची ओळ

या एका ओळीसाठी शेऱ्याचा रकाना पुरणार नाही. समोरचं पूर्ण पान कोरं सोडा.

न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध कब्ज. नववी इनिंग, १-१, जायंट्सची बॅटिंग, दोन आऊट. तिसऱ्या बेसवर मॅककॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. ब्रिडवेलने चेंडू मध्य मैदानात मारला, मॅककॉर्मिक घरी पोचला, प्रेक्षक मैदानात धावले. मर्कल दुसऱ्या बेसला न शिवता अर्ध्यातून कपडे बदलायच्या खोलीकडे वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसऱ्या बेसला पाय लावला. पंच हँक ओ’डे यांनी मर्कलला आऊट दिलं.

नियम असा: बॅटर पहिल्या बेसकडे धावतो तेव्हा तिथल्या धावणाऱ्याला पुढचा बेस गाठावाच लागतो. तिथे चेंडू आधी पोचला तर तो फोर्स आऊट, आणि तिसरा आऊट फोर्स असेल तर त्या खेळीतली धाव रद्द. क्रिकेटमध्ये क्रीजला बॅट न टेकवता वळलं तर ती एकच शॉर्ट रन कमी होते. इथे जिंकणारी धावच गेली. मैदान माणसांनी भरलेलं, अंधार पडत आलेला, दिवे नव्हतेच (मोठ्या लीगमधला पहिला रात्रीचा सामना १९३५चा). सामना १-१ बरोबरीत.

नोंद अशी करा. धावा १-१, इनिंग ९, बरोबरीच्या रकान्यात एक. विजय-पराभव कोरे. टक्केवारी आदल्या दिवशीचीच पुढे ओढा. ब्रिडवेलला एबी द्या, हिट देऊ नका. मर्कल दुसऱ्या बेसवर आऊट, पीओ एव्हर्सला. ए कुणाला, तिथे हात थांबवा: चेंडू एव्हर्सपर्यंत कसा पोचला, मधे जायंट्सच्या मॅकगिनिटीने तो पकडून गर्दीत फेकला का, यावर बातम्यांत एकमत नाही. दोन्ही हकीकती समोरच्या पानावर लिहा आणि रकाना लाल शाईने मोकळा ठेवा. बॉक्स स्कोअरमध्ये कब्जचे पीओ मोजा. जायंट्स जिंकले असं धरलं तर २६ हवेत, बरोबरी धरली तर २७. तुमच्या हातातल्या वर्तमानपत्राने काय मानलं होतं ते या एका बेरजेत उघडं पडतं.

त्याच पानावर ४ सप्टेंबरचा पिट्सबर्गचा सामनाही जोडा. तिथे अगदी असंच घडलं होतं: धावणारा वॉरन गिल दुसऱ्या बेसला न शिवता वळला, एव्हर्सने दाद मागितली, पंच ओ’डेच होते, आणि तेव्हा त्यांनी धाव मान्य केली. एव्हर्स १९ दिवस ही वेळ पुन्हा येण्याची वाट पाहत होता. आमच्या मते मर्कलवर जन्मभर जो ठपका राहिला तो अन्यायाचा होता. जिंकणारी धाव दिसली की सगळेच तसे वळत, आणि गिलच्या वेळी ते चाललंही होतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की वाचणाऱ्यालाही ते दिसेल.

२३ सप्टेंबरनंतर जवळजवळ दोन आठवडे वेगवेगळी वर्तमानपत्रं वेगवेगळे तक्ते छापू शकतात, कारण लीगकडे तक्रारी गेल्या होत्या आणि अंतिम निर्णय ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला. या काळात छापील तक्त्यावर विसंबू नका, स्वतःची टक्केवारी स्वतः काढा. ४ ऑक्टोबरला कब्जनी पिट्सबर्गला ५-२ हरवलं, पिट्सबर्ग ९८-५६वर थांबलं. जायंट्सनी बॉस्टनविरुद्ध ५, ६, ७ ऑक्टोबरचे तिन्ही सामने जिंकले. आता तुमच्या वहीत शिकागो आणि न्यूयॉर्क दोघंही ९८-५५, .६४१ असायला हवेत. नसतील तर मागे जा. चूक बहुतेक वेळा दोन सामन्यांच्या दिवशीच सापडते: एक सामना गळलेला असतो किंवा एकच दोनदा चढलेला असतो.

८ ऑक्टोबरला बरोबरीचा सामना पुन्हा खेळला गेला. कब्जचा पिचर फिस्टर पहिल्याच इनिंगमध्ये अडखळला, मॉर्डेकाय ब्राउन आत आला, आणि कब्ज मॅथ्यूसनसमोर ४-२ जिंकले. हा सामना नेहमीच्या हंगामातच धरायचा. शिकागोच्या वहीत, मागच्या भागात, न्यूयॉर्कच्या पानावरची बावीसावी ओळ तोच भरतो. वैयक्तिक आकड्यांत मात्र २३ सप्टेंबर आणि ८ ऑक्टोबर दोन्ही येतात, म्हणून खेळाडूच्या सामन्यांची संख्या १५४च्या वर गेली तरी ती चूक नसते. यानंतरची डेट्रॉईटविरुद्धची वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली मालिका), जी कब्जनी ४-१ जिंकली, ती वेगळ्या पानावर. तिचा एकही आकडा हंगामात मिसळू नका.

दोनदा चढलेला सामना

एकच सामना दोनदा चढणं ही चूक लहान वाटते, पण ती अधिकृत वहीतही झालेली आहे. १९१०मध्ये अमेरिकन लीगच्या नोंदीत डेट्रॉईटच्या टाय कॉबचा एक सामना दोनदा धरला गेला, तीन पाळ्यांत दोन हिट. त्यामुळे त्याची बॅटिंग ५०९ पाळ्यांत १९६ हिट, म्हणजे .३८५ झाली आणि लाजोईच्या .३८४च्या पुढे गेली. ते तीन आणि दोन काढून टाका: ५०६ पाळ्यांत १९४, म्हणजे .३८३. ही गोष्ट उघडकीला यायला सात दशकं लागली. मागच्या भागातली बावीस ओळींची पानं याचसाठी आहेत. तेविसावी ओळ मागणारा सामना तिथे लगेच पकडला जातो.

आलेख आणि पुढचं काम

आलेखाच्या वहीत आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर विजय वजा पराभव. विजयाला एक घर वर, पराभवाला एक घर खाली, बरोबरीला सपाट. शिकागो, न्यूयॉर्क, पिट्सबर्ग तीन रंगांत. टक्केवारीचा आलेख काढू नका, तो एप्रिलमध्ये पिसाटासारखा हलतो आणि सप्टेंबरमध्ये जवळजवळ हलतच नाही. एका संघाचे १५४ सामने, रोज दोन या वेगाने, सुमारे अडीच महिन्यांत होतात. एका सामन्याला टॅलीसकट दहा-पंधरा मिनिटं धरा, आणि रोज तेवढंच करा. रविवारी बसून वीस सामने उरकले की रकाने सरकतात.

नॅशनल लीग पुरी झाली की त्याच वर्षाची अमेरिकन लीग घ्या. अंतिम तक्ता: डेट्रॉईट ९०-६३, क्लीव्हलँड ९०-६४, शिकागो ८८-६४, सेंट लुईस ८३-६९, बॉस्टन ७५-७९, फिलाडेल्फिया ६८-८५, वॉशिंग्टन ६७-८५, न्यूयॉर्क ५१-१०३. बेरीज करा. विजय ६१२, पराभव ६१२. ठरलेले ६१६, म्हणजे चार सामने खेळलेच गेले नाहीत. डेट्रॉईटचा एक कमी, शिकागोचे दोन, सेंट लुईसचे दोन, फिलाडेल्फियाचा एक, वॉशिंग्टनचे दोन. डेट्रॉईट अर्ध्या सामन्याने पहिलं आलं. तो एक सामना खेळून ते हरले असते तर क्लीव्हलँडशी बरोबरी झाली असती, आणि शिकागोने आपले दोन्ही जिंकले असते तर तिन्ही संघ ९०-६४वर उभे राहिले असते. पुढे नियमच बदलला: विजेतेपदावर परिणाम करणारा राहिलेला सामना खेळावाच लागेल. त्या चार सामन्यांच्या ओळी डेट्रॉईटपासून सुरुवात करून शोधा, कुठल्या दिवशी, कुणाविरुद्ध आणि कशामुळे राहिले ते शेऱ्यात लाल शाईने लिहा, आणि निकालाचा रकाना कोरा ठेवा.